कोब्राच्या नकलेला ३८ लाख: हे पैसे नेमके कशाचे?

यवतेश्वर घाट (सातारा)

मेव्हण्याच्या डोक्यात कोब्रा ही जुनी स्पोर्ट्स कार शिरली आहे. पुण्याकडच्या एका वर्कशॉपवाल्यानं बांधलेली रेप्लिका, म्हणजे नक्कल, मागणी ३८ लाख. फायबरची बॉडी, पाइपची चासी, आणि बॉनेटखाली जुन्या जपानी सेडानचं दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन.

ज्यांना या गाडीची कुंडली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा रेसर. १९५९ ला फ्रान्समधली ल मान्सची शर्यत जिंकला, मग हृदयाच्या दुखण्यानं रेसिंग सुटलं. १९६२ मध्ये त्यानं इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या दोन सीटर गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. पुढे सात लिटरचंही बसवलं. सगळ्या मिळून हजाराच्या आसपास गाड्या बनल्या. त्यातली अगदी पहिली २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली.

विकणारा हाच आकडा पुढे करतो. "ओरिजिनल शंभर कोटींच्या घरात आहे साहेब, त्या मानानं ही फुकट." माझं भांडण या वाक्याशी आहे. ते शंभर कोटी शेल्बीच्या हाताचे, त्या शर्यतींचे, त्या चासी नंबरचे आहेत. त्यातलं काहीही या गाडीत नाही. कोब्रा म्हणजे हलकं अंग आणि आडदांड इंजिन. इंजिनच काढून घेतलं तर उरतो फक्त आकार. आकाराचे ३८ लाख द्यायचे?

लेथवाला (सातारा एमआयडीसी)

किंमत जास्त आहे की नाही ते नंतर बघू. आधी "फक्त आकार" हे मागे घ्या.

फायबरची बॉडी म्हणजे पत्र्याचं डबडं नव्हे. आधी प्लग, म्हणजे बॉडीचा नमुना बनवायचा, तो घासून घासून आरशासारखा करायचा, त्यावरून साचा काढायचा, साच्यात जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) मारून फायबरच्या मॅटचे थर हातानं बसवायचे. दरवाजाची फट वर चार मिलीमीटर आणि खाली नऊ आली की सगळं परत. चासीला जिग, म्हणजे पाइप जागेवर धरून ठेवणारी चौकट लागते, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेनं पाइप ओढले जातात आणि गाडी जन्मभर एका बाजूला चालते. मग सस्पेन्शनचे आर्म, ब्रेकच्या लाइन, वायरिंग, वाकडी काच, पेंट. एक गाडी शून्यातून उभी करायला हजार-बाराशे तास सहज जातात. कंपनीत साच्याचा खर्च लाखभर गाड्यांवर वाटला जातो. हा माणूस कितींवर वाटणार? पाच? सहा?

कोरेगावकर

तुमचेच आकडे घेऊ. १२०० तास, तासाला ४०० रुपये. झाले ४ लाख ८० हजार. चांगल्या हाताला ६०० द्या, ७ लाख २० हजार. माल, सेकंडहँड इंजिन-गिअरबॉक्स, टायर, पेंट यांचे दहा धरू. साच्याच्या वाट्याचे चार-पाच. तरी २२ च्या फारसं पुढे जात नाही. वरचे १६ कशाचे?

लेथवाला

जागेचं भाडं, वीज, जीएसटी, फसलेल्या दोन बॉड्या, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वर्षभर अडकलेला पैसा. धंदा कधी केलाय का? नफा मिळवणं पाप आहे का?

कोरेगावकर

पाप नाही. पण फसलेल्या बॉड्या त्याच्या शिकण्याचा खर्च आहेत. त्या माझ्या मेव्हण्यानं का भराव्यात? (मेव्हणा माझा नाही म्हणा, पण तत्त्व तेच.)

वाईचा बारक्या

आवो राव, ३८ लाखाची गाडी आन् वर छप्पर न्हाई. जुलैत पसरणी घाटात न्या की, मग बघू आकार किती टिकतो. त्यात एक नवी थार घ्या, उरलेल्या पैशात गोठा बांधा. निदान म्हशी तरी कोरड्या ऱ्हातील.

मिरज जंक्शन

बारक्या 😄

मूळ मुद्द्यावर येतो. रेप्लिका हा एकच माल असल्यासारखं बोललं जातंय, आणि तिथेच घोळ होतोय. कोब्राच्याच नकलांमध्ये केवढ्या पायऱ्या आहेत बघा. अमेरिकेत फॅक्टरी फाइव्ह किट विकते, लोक घरच्या गॅरेजात जोडतात. सुपरफॉर्मन्सच्या गाड्या दक्षिण आफ्रिकेत बनतात, जवळपास तयार येतात, इंजिन वेगळं घ्यायचं. आणि युटामधले कर्कहॅम. त्यांनी पोलंडमध्ये मिग विमानं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कारागिरांकडून ॲल्युमिनियमच्या बॉड्या ठोकून घेतल्या. त्यांची गाडी किटच्या कितीतरी पट महाग, आणि मला ती किंमत पटते. कारण मूळ गाडीची बॉडीही ॲल्युमिनियमचीच होती, आणि तो पत्रा हातानं वळवणारे लोक आता शोधावे लागतात.

पण या तिन्ही पायऱ्यांवर एक गोष्ट सारखी आहे. इंजिन व्ही-८. तिथे तडजोड कोणी करत नाही. म्हणून चार सिलिंडरच्या बाबतीत मी यवतेश्वरच्या बाजूनं. सुरू केल्यावर मिक्सरसारखा आवाज येणार असेल तर कोब्रा कशाला म्हणायचं?

प्रिया १५० (सातारा)

नकलेला एवढं कमी लेखणाऱ्यांनी आपल्या गावाचा इतिहास आठवावा. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात जी प्रिया बनायची ती कोणाची होती? इटलीच्या व्हेस्पाची. लायसन्स संपल्यावरही बजाजनं त्याच घराण्याची चेतक वर्षानुवर्षं विकली. ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे फियाट ११००, आपली जीप विलीजची. आपण सगळे नकलांवरच वाढलो, आणि त्यांच्यासाठी नंबर लावून वर 'ऑन'चे, म्हणजे किमतीवरचे जादा पैसेही मोजले. तेव्हा कोणी विचारलं नाही की आकाराचे पैसे का?

यवतेश्वर घाट

दादा, प्रियावर वडिलांच्या पुढे उभा राहून मी शाळेत गेलोय, तिच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण प्रिया "मी व्हेस्पा आहे" म्हणून विकली नाही. ती घर चालवायला विकली. लायसन्स घेऊन बनवलेली गाडी आणि दुसऱ्याच्या नावावर भाव खाणारी गाडी यात फरक आहे. 'ऑन' लागायचा तो टंचाईचा, कीर्तीचा नव्हे.

पायताण (कोल्हापूर, नोकरी सांगली)

२०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली आणि किंमत लाखाच्या वर असल्याची बातमी आली, तेव्हा आपण सगळे खवळलो होतो. कोल्हापुरीचं जीआय (भौगोलिक मानांकन) कोल्हापूरसोबत सातारा, सांगली, सोलापूरचंही आहे, म्हणजे खवळण्यात इथले सगळे भागीदार. आता शेल्बीचा आकार उचलून ३८ लाख घेणारा पुण्याकडचा निघाला तर तो एकदम कारागीर झाला होय?

लेथवाला

हे बरोबर लागलं. उत्तर नाही माझ्याकडे. पण प्राडाकडे पर्याय होते, या माणसाकडे हातातली कला एवढंच आहे.

नाद एकच (कराड)

मी उलट्या बाजूनं बोलतो, कारण मला अशी गाडी हवी आहे.

ओरिजिनल ज्याच्याकडे आहे तो ती चालवू शकतो का? फेरारी २५० जीटीओ जगात ३६. एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. ती घेऊन कोणी चहाला जाईल? रेप्लिका घासली तर पेंटर बोलवायचा आणि विषय संपला. पहाटे कासच्या रस्त्याला उघड्या गाडीत बसून जाण्याचा जो आनंद आहे, त्याला चासी नंबर लागत नाही. मला शेल्बीची सही नको, मला ती गाडी हवी. आणि परवडतं त्याला परवडतं. शेजारी लग्नात ३८ लाख उडवतो तेव्हा धागा निघत नाही.

मिरज जंक्शन

नाद, आनंदाला विरोध नाही. मग गाडी अशी निवडा जिचा आनंद नकलेत उतरतो.

पोर्शे ३५६ स्पीडस्टर घ्या. ती मुळातच काटकसरीची गाडी होती. अमेरिकेतल्या आयातदारानं स्वस्त मॉडेल मागितलं म्हणून १९५४ मध्ये आली, बुटकी काच, साधं छप्पर, तीन हजार डॉलरच्या आत. आणि पोर्शेचा तो वंशच फोक्सवॅगनच्या बीटलमधून आलेला. त्यामुळे बीटलची चासी आखूड करून वर स्पीडस्टरची बॉडी ठेवली तर इंजिन मागे, हवेनं थंड होणारं, आवाजही त्याच घराण्यातला. नक्कल म्हणा, पण हाड बरंच खरं आहे.

त्याहून चांगलं उदाहरण लोटस सेव्हन. १९५७ ची. लोटसच्या कॉलिन चॅपमननं ती किट म्हणूनही विकली, कारण सुटे भाग घेऊन स्वतः जोडली तर इंग्लंडमध्ये खरेदीकर वाचायचा. १९७३ मध्ये हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ते आजही तीच गाडी बनवतात. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा नावाच्या कंपनीनं त्याच धर्तीची रोडस्टर केली, हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांमधलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून. तिथे चार सिलिंडर खटकत नाही, कारण सेव्हनची गंमत वजन कमी असण्यात आहे, ताकदीत नाही. त्या गाडीला कोणी चांगले पैसे मागितले तर मी घासाघीस करीन, पण हसणार नाही.

कोरेगावकर

आणि कंपनीनं स्वतःच नक्कल केली तर? जॅग्वारच्या एक्सकेएसएस या स्पोर्ट्स कारचे नऊ सांगाडे १९५७ च्या फेब्रुवारीत कारखान्याच्या आगीत गेले. २०१६ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ते नऊ आम्ही आता पूर्ण करतो, किंमत दहा लाख पौंडांच्या वर. साठ वर्षांनी नव्या माणसांनी नव्या पत्र्यातून केलेली गाडी. तिला "कंटिन्युएशन", म्हणजे जुन्याचाच पुढचा भाग म्हणायचं आणि पुणेकराच्या गाडीला नक्कल. दोन्हींत पैसे नावाचेच आहेत, फरक एवढाच की एकाकडे नाव विकायचा हक्क आहे.

चासी नंबर (सांगली)

सगळे कवितेत रमलेत. पासिंगचं कोणी विचारलं का?

नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली नमुना एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत तपासून घ्यावा लागतो. पाच-सहा गाड्या बांधणाऱ्याला ते झेपत नाही. मग केलं जातं काय, तर एखाद्या भंगारातल्या गाडीचं आरसी बुक वापरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. आणि कोणी "विंटेजमध्ये टाकू" म्हणालं तर तेही विसरा. २०२१ च्या नियमांत 'व्हीए' नंबर मिळतो तो ५० वर्षांवरच्या, चासी-बॉडी-इंजिन मूळ असलेल्या गाडीला, २० हजार फी भरून. शिवाय ती रोज फिरवता येत नाही.

अमेरिकेत यासाठी २०१५ मध्ये वेगळा कायदा झाला, छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ रेप्लिका विकायची सोय. आपल्याकडे तसं दार नाही. उद्या खंबाटकी घाटात कोणाला धडकलात तर विमा कंपनी आरसी आणि गाडी शेजारी ठेवून बघणार. आरसीवर सेडान, रस्त्यावर कोब्रा. तेव्हा ३८ सोडा, कागद नीट नसतील तर १० सुद्धा जास्त.

नाद एकच

आजवर किती जणांना पकडलंय? हजारो जीपा आणि बुलेट बदलून फिरतायत.

चासी नंबर

फिरतायत, आणि पावतीही फाडतायत. जीपवर लाखभर घातलेले बुडाले तर माणूस सावरतो. तुमचे ३८ जप्त होऊन आरटीओच्या आवारात बाभळीखाली उभे राहिले तर बोला.

यवतेश्वर घाट

चासी नंबर, आभार. आत्ता विकणाऱ्याला फोन करून आरसीचा फोटो मागितला. "फोटो कशाला, समक्ष या, गाडी बघितली की तुम्हीच विचारणार नाही" असं म्हणाला. आणि किंमत फोनवरच ३३ झाली.

कोरेगावकर

पाच लाख एका फोनात! वरच्या १६ चा थोडा हिशेब लागला म्हणायचा.

लेथवाला

मी अजूनही म्हणतो, काम चांगलं असेल तर २५ पर्यंत त्या माणसाच्या हाताला द्यायला हरकत नाही, कागद सरळ असले तर. रविवारी मीही येतो. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, पॉलिश बघू नका. चासीचे वेल्ड आणि स्टिअरिंगची जोडणी खालून बघायची. आणि मेव्हण्याला चेकबुक घरी ठेवायला लावा.

वाईचा बारक्या

येताना वाईत थांबा. गोठा दावतो.