विटलेले कपडे आणि घरचा रंग: तुमचे अनुभव सांगा

कपडा धड आहे, फक्त रंग उडालाय. असे कपडे घरी रंगवले असतील तर जरूर लिहा. कापड कुठलं, रंग कशाचा, आणि मुख्य म्हणजे धुण्यात टिकला का?

मी कांद्याच्या साली साठवते. सुती कुर्ता आधी साबणाच्या गरम पाण्यात उकळून काढते, म्हणजे कपड्यात मुरलेलं तेल-मळ निघतो. मग कोरड्या कपड्याच्या वजनाच्या साधारण १५ टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजवते. वजनाला कपड्याइतक्याच साली तासभर उकळून गाळायच्या आणि कुर्ता ओलाच त्यात सोडायचा. मंद आचेवर सतत हलवत राहा, नाहीतर डाग धरतात. सोनेरी-केशरी रंग येतो. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असला तर तो रंग घेत नाही, टीप जुन्याच रंगाची राहते. मला ती उठून दिसलेली आवडते.

हळदीचा पिवळा पाहताक्षणी आवडतो, पण उन्हात फार लवकर उडतो आणि कपड्याच्या साबणाने लालसर होतो. रोजच्या कपड्याला नकोच.

काळ्या ओढणीला डाळिंबाची साल आणि लोखंड! गंजके खिळे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बरेच दिवस ठेवून ते पाणी गाळून घेतलं. सालीच्या काढ्यात मुरलेली ओढणी त्यात बुडवली की डोळ्यांदेखत काळवंडते. अगदी काळीभोर नाही, गडद राखाडी. लोखंडाचं पाणी मात्र बेताने वापरा, जास्त झालं तर धागा कमजोर होतो. नंतर भरपूर पाण्यात खंगाळा.

मीठ-व्हिनेगरने सुती कपड्यावर बिटाचा रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. होत नाही, धुण्यात जातो. आणि पॉलिएस्टरवर तर यातलं काहीच धड बसत नाही. लेबल नसेल तर शिवणीच्या आतल्या कडेचा कापडाचाच एक धागा (शिलाईचा दोरा नव्हे) जपून जाळून बघा: सुती कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

जीन्ससाठी नीळ उत्तम. पांढऱ्या कपड्यांना देतो ती नव्हे, झाडाची. तुरटी लागत नाही. नीट तयार झालेल्या द्रावणातून कापड पिवळट-हिरवं निघतं आणि हवा लागली की निळं होत जातं. बराच वेळ बुडवून ठेवण्यापेक्षा थोडं बुडवा, हवा लागू द्या, पुन्हा बुडवा. गडद रंग तसाच चढतो.