पन्नास रुपये दंड : प्राण्यांना छळणाऱ्यांसाठी फौजदारी कायदा कडक करायला हवा का?

सुरंगी (धागाकर्ती)

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक कुत्री व्यायली होती. पाच पिल्लं. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना त्यांच्या कुईकुईचा त्रास व्हायचा. त्यांनी गॅलरीतून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं. चुकून नाही. आदल्या दिवशी थंड पाणी टाकून नेम बघितला होता, हे वॉचमनने स्वतः पाहिलंय. दुसऱ्या दिवशी मानेपासून कमरेपर्यंतचं कातडं भिजलेल्या कागदासारखं सुटून आलं. तशातही ती पाजत होती. एखादं पिल्लू पाठीवर चढलं की नुसती थरथरायची, गुरगुरायचीसुद्धा नाही.

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार भले होते, चहाही विचारला. पण म्हणाले, "मॅडम, अदखलपात्र आहे. एनसी, म्हणजे नुसती नोंद, घेतो. दंड किती आहे ठाऊक आहे का? दहा ते पन्नास रुपये. तुम्ही रिक्षाने आलात त्याला जास्त पडले असतील."

घरी येऊन कायदा वाचला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६०. कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलंत तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जनावराला आखूड साखळीने बांधणारा आणि त्याचे हाल करणारा, दोघे एकाच कलमात, एकाच दंडाला पात्र.

ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सपुरती कमाल शिक्षा सहा महिने होती, ती २०२१ मध्ये पाच वर्षं केली. अमेरिकेत २०१९ च्या केंद्रीय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टूच्या निकालातच संसदेला सांगितलं होतं की जरब बसेल अशी शिक्षा ठेवा. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी मांडला, त्यात अमानुष क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत आणि जीव घेण्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. त्या मसुद्याचा कायदा करा, एवढंच माझं म्हणणं. कोणाला विरोध करायचा असेल तर कारणासकट करा.

ताळेबंद

कुत्रीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण विरोध आहे. माणसांना माणसांनी मारल्याचे खटले दहा-दहा वर्षं पडून असतात. त्यात ही भर कशाला? आणि दुसरं, कडक शिक्षेने गुन्हे कमी होतात हे अजून कोणी पटेल असं दाखवलेलं नाही. माणूस घाबरतो तो पकडले जाण्याला. किती वर्षं आत जाईन याचा हिशेब गॅलरीत पातेलं घेऊन उभा असलेला माणूस करत नाही.

सुरंगी

त्याने हिशेब केला होता हो. मला तोंडावर म्हणाला, "जा पोलिसात, पन्नास रुपये आत्ताच घेऊन जा." त्याला कलम माझ्याआधी माहीत होतं!

शिवारकर

ताई, मी बीडकडचा. चुलता अजून दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातो. तुमच्या धाग्यावर सगळे कुत्र्या-मांजरांचं बोलणार, म्हणून बैलाचं मी बोलतो.

१९६५ चे केंद्राचे नियम आहेत, ओढकामाच्या जनावरांचे. दिवसात नऊ तासांवर काम नको, सलग पाच तासांवर नको, आणि पारा ३७ च्या वर असेल त्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. टोकदार पराणी वापरायची नाही. वाचायला झकास. आता कारखान्याच्या गव्हाणीसमोर येऊन उभे राहा. टायरगाडीत दोन टनांवर ऊस. भरला नाही तर खेप परवडत नाही, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायचीय. पहाटे भरलेली गाडी वजनकाट्यावर जायला दुपार होते. बैल तेवढा वेळ जुवाखालीच, कारण सोडला आणि नंबर आला तर मागचा पुढे घुसतो. चुलत्याच्या तांबड्या बैलाच्या खांद्याला नारळाएवढी सूज होती. तो रोज रात्री गरम पाण्याने शेकायचा, हळद-तेल लावायचा, आणि पहाटे त्याच खांद्यावर जू ठेवायचा. ठेवताना दुसरीकडे बघायचा.

उद्या तीन वर्षांची कैद आली तर पोलीस पहिला हात कोणावर टाकणार? कारखान्याच्या चेअरमनवर? मुकादमावर? गाडीवर बसलेला चुलताच दिसणार. तुमचा पहिल्या मजल्यावरचा साहेब वकील लावून सुटेल. आमच्याकडे जामिनाला माणूस मिळत नाही.

मधला बाक

शिवारकरांना +१. आणि बाजाराचंही बोला. आठवडी बाजारातून बैल घेऊन निघालेला टेम्पो रस्त्यात अडवला जातो तो 'क्रूरते'च्याच नावाखाली. पावती असली तरी चार तास उन्हात उभा. त्या चार तासांत जनावराला पाणी कोण दाखवतं? क्रूरता थांबवायला आलेल्यांना बादली आणायचं सुचत नाही. कलम जेवढं कडक, तेवढा अडवणाऱ्याचा भाव जास्त.

केतकी_

मला एक समजत नाही, गरीब माणूस हा मुद्दा आला की चर्चा तिथेच का थांबते? हेल्मेटचा दंड पण गरिबालाच जास्त लागतो. आणि जनावरांना छळणारा पुढे माणसांवर उलटतो हे तर जगभर सिद्ध झालंय. म्हणून तर अमेरिकेची एफबीआय २०१६ पासून प्राण्यांवरच्या क्रूरतेची वेगळी नोंद ठेवते.

ताळेबंद

केतकी, नोंद ठेवते हे बरोबर. 'सिद्ध झालंय' हे नाही. ही कल्पना मॅक्डोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या १९६३ च्या लेखापासून रुजली : अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, प्राण्यांचे हाल करणं, ही तीन लक्षणं मिळून पुढचा हिंसक माणूस. नंतरच्या अभ्यासांत ते त्रिकूट भाकितासाठी टिकलं नाही. घरातल्या हिंसाचाराशी संबंध अनेकदा आढळतो, तो खरा मानावा. पण 'आज कुत्रं, उद्या खून' या वाक्यावर कायदा उभा करू नका. आणि खरं सांगू का, त्याची गरजही नाही. कुत्रीला भाजलं हा गुन्हा व्हायला ती पुढच्या खुनाची सूचना असावीच लागते का?

कलमबहाद्दर

ताळेबंदांचं शेवटचं वाक्य मी विरोधकांच्या नव्हे, समर्थकांच्या खात्यात टाकतो.

वकिली करतो, म्हणून थोडं पाल्हाळ. तुम्ही सगळे कैदेच्या वर्षांवर भांडताय. खरी गोम कलम ३१ मध्ये आहे. कलम ११ ची खंडं (अ) पासून पुढे एक लांब यादी. त्यातली विद्रूप करणं किंवा क्रूरपणे मारणं, प्राण्यांची झुंज लावणं, अशी तीनच खंडं दखलपात्र. मारहाण, छळ, जादा ओझं, उपाशी ठेवणं, सोडून देणं, हे सगळं अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. दंड पन्नासचा पन्नास हजार केला आणि हे तसंच ठेवलं, तर ठाणे अंमलदार पुन्हा एनसीच हातात देईल.

काही जण म्हणतील, दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं कलम ३२५ आहे की, पाच वर्षांपर्यंत कैद. आहे, आणि दखलपात्रही आहे. पण ते 'आगळीक' या प्रकरणातलं. त्याचा जीव मालमत्तेच्या नुकसानीत आहे. ठार मारणं, विष घालणं, लुळंपांगळं किंवा निरुपयोगी करणं. सुरंगीताईंच्या कुत्रीचा उकळत्या पाण्याने डोळा गेला असता तर ते जोर लावून लावता आलं असतं. नुसतं कातडं गेलं, म्हणून पोलीस का-कू करतात. आणि स्वतःच्याच बैलाला झोडपणाऱ्याला हे कलम लावायचं म्हणजे, नुकसान कोणाचं झालं, इथूनच वाद सुरू.

गंमत अशी, की १९६० च्या कायदेमंडळाला शिक्षेच्या पायऱ्या करता येत होत्या. दूध उतरावं म्हणून गाई-म्हशीला 'फुंका' द्यायची, म्हणजे जननमार्गात हवा किंवा काही पदार्थ घालायची, रीत होती, तिला कलम १२ मध्ये हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर जनावर सरकारजमा, आणि गुन्हा दखलपात्र. शेजारच्याच कलमात पन्नास रुपये. दुधाची काळजी होती, एवढंच म्हणतो.

अजून एक भगदाड. जुन्या दंड संहितेच्या ३७७ मध्ये प्राण्यांवरचा लैंगिक अत्याचार येत होता. २०१८ च्या निकालाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले, प्राण्यांचा भाग राखला. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली, त्यात ते कलमच नाही. हे तरी ताबडतोब भरा. यात बैलगाडीवाला, मुकादम, गरीब-श्रीमंत काही येत नाही.

ताळेबंद

शेवटच्या मुद्द्याला बिनशर्त पाठिंबा.

रोजचा_प्रवासी

आणि रात्री कामावरून येताना दहा कुत्री मागे लागतात त्याचं काय? माणसाच्या पायाला चावलं तर कोणाला कैद?

सुरंगी

चावलं तर महापालिकेला जाब विचारा, नसबंदी आणि लस ही त्यांची जबाबदारी आहे. तुमचा त्रास खोटा म्हणत नाही. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. या कुत्रीने कोणाला चावल्याची तक्रार नव्हती.

मधला बाक

अवांतर : मसुद्यातही कत्तलखाना आणि कोंबड्यांचे पिंजरे जवळजवळ शाबूतच राहणार. धर्माच्या रीतीने जीव घेण्याला कलम २८ ची सूट आहे, खाण्यासाठी मारण्याला ११(३) ची. २०२३ मध्ये घटनापीठाने बैलगाडा शर्यतींनाही मोकळीक दिली. म्हणजे जिथे जास्त जनावरं तिथे सूट, आणि जिथे एक कुत्री तिथे पाच वर्षं? मी मटण खातो, म्हणून मला हे बोलायला जरा लाज वाटते, पण कोणीतरी बोलायला हवं.

केतकी_

सगळं एकदम करता येत नाही म्हणून काहीच करायचं नाही का?

मधला बाक

नाही. पण कायदा कोणाला बघतो आणि कोणाला बघत नाही, हे तरी कळलेलं असावं.

शिवारकर

कलमबहाद्दर, 'जादा ओझं' तुमच्या अदखलपात्र यादीत आहे म्हणता. ते दखलपात्र केलं की आमची वाट लागली. छळ दखलपात्र करा, माझी हरकत नाही. कुत्रीवर उकळतं पाणी टाकणाऱ्याला तीन नाही पाच वर्षं टाका. पण ओझ्याला गाडीवान एकटा जबाबदार धरू नका. ज्याच्या काट्यावर ते वजन होतं, ज्याच्या पावतीवर ते टन लिहिले जातात, त्याला धरा. पुरावा त्याच्याच संगणकात आहे! प्रत्येक गाडीचं वजन, तारीख, वेळ. चुलत्याने कधी हातानं लिहून ठेवलं नव्हतं की बैलावर किती घातलं.

कलमबहाद्दर

हे मला सुचलं नव्हतं. कलम ११ मध्ये जादा ओझं लादणाऱ्याबरोबर, मालक म्हणून तसं होऊ देणाराही येतो. पण इथे मालक म्हणजे बैलाचा मालक. उसाचा मालक येत नाही. ती दुरुस्ती मागावी लागेल.

आणि गाडीवानासाठी कैदेपेक्षा कलम २९ चा विचार करा. दोषी ठरलेल्याकडून जनावर काढून घ्यायचा आणि पुढे जनावर बाळगायला मनाई करायचा अधिकार कोर्टाला आजही आहे.

शिवारकर

बैल काढून घेतला तर उचल कशी फेडणार? त्यापेक्षा आत टाका म्हणेल तो. एक सांगून ठेवतो, चुलत्याने तांबडा विकला नाही. मोकळाच ठेवलाय, गोठ्यात. यंदा दुसऱ्याची गाडी भाड्याने घेतली.

सुरंगी

शिवारकरदादा, मी धागा काढला तेव्हा ओझ्याची शिक्षाही वाढवा असंच डोक्यात होतं. आता छळ आणि ओझं एका दंडात बसवायला मन घेत नाही. पण पहिल्या मजल्याबाबत मी इंचभर हटणार नाही.

कलमबहाद्दर

ताई, हटू नका, पण घाई करा. घटना कधीची? कलम ३६ वाचलंत का? गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही, तर विषय संपला. एनसी घेऊन पोलीस गप्प बसले तरी तुम्ही थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकता.

सुरंगी

तीन महिने?? मी तर वर्षभर वेळ आहे असं धरून चालले होते. आत्ता कॅलेंडर काढून मोजलं. आज चौऱ्याहत्तरावा दिवस.

कलमबहाद्दर

म्हणजे पंधरवडाच आहे हातात. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, फोटो, आणि वॉचमनचा जबाब. तो बोलेल का?

सुरंगी

दाखला आहे, तारखेसकट. फोटो रोज काढत होते, मलम लावायच्या आधी. वॉचमन माझ्यासमोर बोलतो, पण कोर्टात बोलला तर सोसायटी त्याला ठेवणार नाही, आणि तोही घरात चार माणसं असलेला आहे. उद्या खाली जाऊन त्याच्याशी बोलते. तोवर तक्रारीचा मसुदा कोणी बघून द्याल का? कलम कोणकोणतं लावू?

कलमबहाद्दर

मारहाण-छळाचं ११(१)(अ) नक्की, विद्रूप करण्याचं (ल) आणि ३२५ पर्यायी म्हणून. रात्री व्यक्तिगत निरोप करतो.

ताळेबंद

टंकलेखन मी करून देईन. विरोध कायम आहे.