प्रतिसाद: मग पीळ देतं कोण?

वर विचारलंय की स्फटिकाची रचना सममित असेल तर स्कर्मिऑनला, म्हणजे अणूंच्या चिमुकल्या चुंबकांच्या भोवऱ्याला, पीळ देतं कोण? रास्त प्रश्न. 2009 साली मँगनीज सिलिसाइडमध्ये ते सापडले, तिथं पीळ असममित रचनेतूनच येतो. गॅडोलिनियम या धातूच्या सममित रचनेच्या संयुगांत मात्र मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन एका अणूच्या चुंबकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतात. अंतर बदललं की ‘माझ्यासारखा वळ’चं ‘उलटा वळ’ होतं. या ओढाताणीतून जेमतेम 2 नॅनोमीटरचे भोवरे बनतात!

लातूरला शिकवताना मी नांगरटीतल्या वावटळीचं उदाहरण देतो. धूळ गरगरत उठते, पण बांधापर्यंत जाऊन विरते. स्कर्मिऑनची गाठ अशी सहज सुटत नाही. स्कर्मिऑन ‘आपोआप’ बनतात असं मात्र जपून म्हणा, बहुतेक ठिकाणी बाहेरून चुंबकीय क्षेत्र द्यावंच लागतं.