ओला कचरा घरातच जिरवा म्हणे!

झणझणीत : परवा इथे कुणीसं लिहिलं, 'ज्याला स्वतःचा ओला कचरा घरी जिरवता येत नाही, त्यानं पुणेकर म्हणवून घेऊ नये.' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. पाच माणसं, दोन खोल्या, बाल्कनीत कपड्यांच्या दोऱ्या. मीही हौसेनं बादलीला भोकं पाडली. कोकोपीट, ताक, गूळ, सगळं केलं. ऐन गौरींच्या हळदीकुंकवाला अळ्यांची वरात स्वयंपाकघरात! मिळकतकर भरते, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वेगळे पैसे देते. वर खतही मीच करू?

बादलीबहाद्दर : लिहिणारा मीच. त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. चावत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. तुमचं ओलं जास्त झालं, इतकंच. ओंजळभर सालींना दोन ओंजळी वाळका पाला. आमचे बाबा श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारामुळे, म्हणजे त्या शेतीचे प्रयोग करणाऱ्या मंडळींमुळे, या नादी लागले, तेव्हापासून घरातली एक साल बाहेर गेलेली नाही. तुमच्या साली कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीकरांनी किती वर्षं हुंगायच्या?

बांगडाफ्राय : जरा विषयांतर. आमच्या सोसायटीच्या खतखड्ड्यावर पाटी आहे, 'मासे-मटणाचा कचरा टाकू नये.' मेंटेनन्स मात्र सगळ्यांकडून सारखाच!

शेपूची_भाजी : घुशी येतात हो. प्रश्न वासाचा आहे, उगाच जातीवर नेऊ नका.

बांगडाफ्राय : जात मी काढली? शब्द तुमचा! आमची आजी मासे धुतलेलं पाणी मिरचीला घालायची, कोलंबीच्या साली माडाच्या आळ्यात पुरायची. आजवर एका माडानं तक्रार केली नाही.

शेपूची_भाजी : माडाखाली तिसऱ्या मजल्याची खिडकी नसते. माझी आहे.

बादलीबहाद्दर : खोल पुरलं, वर भरपूर पाला घातला तर मासळीही कुजते. हाडं मात्र वर्षभर तशीच राहतात. पण फणसाच्या चारखंडांना आणि नारळाच्या करवंट्यांना पाटी का नाही? त्या तरी कुठे लवकर कुजतात?

शेपूची_भाजी : बरं बाबा, मासळीला वेगळा ड्रम ठेवू. तो रोज ढवळणार कोण?

बांगडाफ्राय : मी ढवळतो. पाटी तुम्ही काढा.

झणझणीत : माझ्या धाग्यावर मासळीबाजार भरवल्याबद्दल आभार! बहाद्दर, २०१६ च्या घनकचरा नियमांत जागच्या जागी कचरा जिरवायची सक्ती होती ती दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर. माझ्या वाटीभर भेंडीच्या देठांवर नव्हे. आधी मोठ्या सोसायट्यांच्या बंद पडलेल्या खतयंत्रांवर लिहा. करात सवलत घेतात आणि यंत्रावर सायकली टेकवतात.

बादलीबहाद्दर : ते खरंय. आमच्याच मागच्या सोसायटीत बघतोय.

झणझणीत : आणि पाला मी घातला नव्हता, हेही खरं. झालं समाधान? पोतंभर आणून द्या, मग बघू. सासूबाईंशी मात्र तुम्हीच बोलायचं.