ग्लायकोसाइडला मराठीत काय म्हणायचं?

तुर्भे_फास्ट: शांपूच्या बाटलीवरचा मजकूर मराठीत करतेय. घटकांत ‘डेसिल ग्लुकोसाइड’ आहे. मी तसंच ठेवलं होतं, तपासणाऱ्याने खोडून ‘शर्करायुक्त फेसकारक’ केलं. आता विक्रीवाले विचारतायत, डोक्याला मुंग्या लागतील का! ग्लुकोसाइड आणि ग्लायकोसाइड एकच का? मराठी शब्द आहे का?

ऐरोलीचा_केमिस्ट: एकच नाही. साखरेचा रेणू साखर नसलेल्या रेणूला जोडला गेला की ग्लायकोसाइड. ती साखर ग्लुकोज असेल तरच ग्लुकोसाइड. पूर्वी सरसकट सगळ्यांना ग्लुकोसाइडच म्हणायचे, घोळ तिथला. तुमच्या डेसिलमध्ये ग्लुकोज आणि दहा कार्बनांचं अल्कोहोल. ‘युक्त’ चूकच, वेगळी साखर त्यात उरलेलीच नसते. गोडीचीही खात्री नाही. पपनसाचा कडवटपणा नारिंजिनचा, तेही ग्लायकोसाइडच.

नौपाडेकर: ग्लुकोज मुळात आपल्या गुळावरूनच ना? गूळ, ग्लू…

ऐरोलीचा_केमिस्ट: नाही हो. ग्रीक ‘ग्लायकीस’, म्हणजे गोड. गूळ संस्कृत ‘गुड’वरून, त्याचा अर्थ गोळासुद्धा.

नौपाडेकर: गोऱ्यांनी लिहिलं की खरं! शुगर तर शर्करेवरूनच गेली ना?

ऐरोलीचा_केमिस्ट: गेली, फारसी-अरबीतून. नारिंजिनमध्येही आपलं नारिंग आहे. पण म्हणून ग्लुकोजमध्ये गूळ बसत नाही.

कोपरी_पूल: ‘शर्करेय’ करा. सुटसुटीत.

शुद्धलेखनवाली: गंगेचा गांगेय, कुंतीचा कौंतेय, तसं शर्करेचं ‘शार्करेय’. करायचंच तर नीट करा.

तुर्भे_फास्ट: बाटलीवर शार्करेय वाचून गिऱ्हाईक कुठल्या ऋषींचं तेल समजेल.

शुद्धलेखनवाली: ‘कार्बोदके’ला पण हसले होते. आता दहावीची मुलं बिनदिक्कत लिहितात.

कोपरी_पूल: परीक्षेत लिहितात. घरी ‘कार्ब्ज’ म्हणतात.

वैद्यबुवा_वाशी: मुळात शर्करा म्हणजे खडे, वाळू. सुश्रुतात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलंय. साखर हा एक अर्थ झाला.

घोडबंदर_ट्रॅफिक: मला तर साखर सुचवणारं नावच नको. आमच्या सोसायटीत पिवळी कण्हेर आहे, बिट्टी हो. तिचं विष ग्लायकोसाइडच, थेट हृदयावर जातं. गोड नाव वाचून कोणी बी चाखली म्हणजे?

शुद्धलेखनवाली: बिट्टीच्या झाडावर कोण पाटी लावतंय?

वैद्यबुवा_वाशी: विष आणि औषध शेजारीच असतात. विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीवर लिहिलं, त्यातलं डिगॉक्सिन आजही हृदयाला देतात. तेही ग्लायकोसाइड. सोनामुखीतलं रेचकसुद्धा.

कोपरी_पूल: अनेकवचन काय मग? ग्लायकोसाइडे की ग्लायकोसाइड्स?

शुद्धलेखनवाली: ग्लायकोसाइडे. ‘स’ लावून मराठी अनेकवचन होत नाही.

कोपरी_पूल: डॉक्टरे म्हणता का?

शुद्धलेखनवाली: डॉक्टर पुल्लिंगी आहे. एकवचन तेच, अनेकवचन तेच.

तुर्भे_फास्ट: मला अनेकवचन नकोय, मजकूर आज छपाईला जायचाय.

ऐरोलीचा_केमिस्ट: ‘डेसिल ग्लुकोसाइड’ ठेवा आणि पुढे ‘फेस आणणारा घटक’. घटकाचं नाव बदललं तर ओळखणार कोण? रिठ्याचा फेसही ग्लायकोसाइडांचाच, सॅपोनिन म्हणतात त्यांना. तिथे कोणी विचारलं का मुंग्यांचं?

नौपाडेकर: रिठा! आई शिकेकाईबरोबर उकळायची. डोळ्यांत गेला की मात्र बोंब. हल्ली ठाण्यात सुटा मिळतो का?

घोडबंदर_ट्रॅफिक: जांभळी नाक्याला बघा. बिया काढून घ्या, फेस सालीचा असतो.

वैद्यबुवा_वाशी: आणि लोखंडी भांड्यात उकळू नका.

नौपाडेकर: का? आई लोखंडीच कढई घ्यायची.