कोविडात गोवा नेमका कुणी चालवला?

फोंड्याचा बाबू
काल वाड्याच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड: "कोविडात भायले (बाहेरचे) ट्रेन भरून पळाले, गोवा गोंयकारांनी चालवला, यापुढे अत्यावश्यक सेवेत फक्त नीज गोंयकार घ्या." खाली अंगठेच अंगठे. तिथे उत्तर दिलं तर चतुर्थीला तोंड दाखवायची पंचाईत, म्हणून इथे लिहितोय.

पळाले कोण हो? करमळी, थिवी, मडगावहून श्रमिक गाड्या सुटल्या त्या मे २०२० मध्ये. तोवर माणसं इथेच होती, भाडं थकलेलं आणि कंत्राटदार फोन उचलत नाही अशा अवस्थेत. आणि त्याआधीचं आठवतं का? २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर आमच्याकडे किराण्याची दुकानंसुद्धा बंद, आणि अख्ख्या गोव्याची नजर कशावर, तर चोर्ला घाटातून बेळगावची भाजी येते की नाही यावर! सरकारी हॉर्टिकल्चर महामंडळाच्या भाजीच्या गाड्यावरचा कोबी काय फोंड्यात पिकतो?

मी तेव्हा एका औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर. शिफ्टमधली निम्मी पोरं बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची, रोज बाईकने ये-जा करणारी. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला तसं कंपनीने सांगितलं, आत राहा नाहीतर घरी बसा, पगार नाही. चौदा जण कँटीनची टेबलं जोडून झोपायचे. एकाचं बाळ आठ दिवसांचं, त्याने ते जूनपर्यंत फोनवरच बघितलं. रात्री दोन वाजता फोन टेबलावर उभा करून, आवाज बंद ठेवून, नुसतं झोपलेलं बाळ बघत बसायचा. तापाच्या गोळ्या तुम्ही खाल्ल्या ना? त्याने भरल्या त्या.

लाईनमनची लेक
खूप छान, रडू आलं. आता माझं ऐका. १६ मे २०२१, तौक्ते. कोरोना शिगेला, त्यात वादळ, खांब आडवे, तारांवर माड पडलेले. माझे बाबा ५४ वर्षांचे, डायबिटीस, अकरा दिवस घरात जेवले नाहीत, अंगणात पान वाढायचो. लोक फोनवर शिव्या घालत होते, ऑक्सिजन मशीनवर माणूस आहे लाईट कधी येणार म्हणून, आणि तेही बरोबरच होते. त्या खांबावर कुठला भायला चढला हो? नर्सेस कोण होत्या? कदंबा बसचे ड्रायव्हर कोण? एका कँटीनवरून तुम्ही आमच्या माणसांची मेहनत पुसायला निघालात.

बांद्यावरून
सोयरीक करताना आम्ही घरचे आणि पत्रादेवीला पोचलो की भायले. चालू दे.

साष्टीकार
भाजी बेळगावची, मान्य. गोळ्यांचं मला माहीत नाही. पण पाव? लॉकडाऊनमध्ये पहिले दोन-चार दिवस सोडले तर आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, एक दिवस चुकला नाही, सकाळी साडेसहाला सायकलचं पों पों, आम्ही गेटवर पिशवी अडकवून ठेवायचो. याला म्हणतात गोंयकार.

फोंड्याचा बाबू
भट्टी कुणाच्या नावावर आहे ते सोडा. पीठ कोण मळतं? पहाटे तीनला भट्टीसमोर कोण उभा असतो? आमच्याकडच्या भट्टीवर पाचही जण कर्नाटकातले, मालकाचा मुलगा लिस्बनला.

साष्टीकार
म्हणून तर पोई, आमचा कोंड्याचा पाव, बिघडली ना! पूर्वी सूर, म्हणजे माडाची ताडी, घालून आंबवायचे, आता यीस्ट टाकतात आणि मोकळे. संध्याकाळपर्यंत चामडं होतं. उंडो बघा, कांकण बघा, आतून नुसता भुसा. फोंड्यात तर पोई म्हणून काय विकतात देवाला ठाऊक.

फोंड्याचा बाबू
फोंड्याच्या पोईला नावं ठेवू नका हां, मुद्दा सोडून!

बांद्यावरून
सूर पाहिजे तर रेंदेर पाहिजे. माडावर चढायला कोण आहे आता? पात्राव, तुमचा मुलगा चढतो?

साष्टीकार
माझा मुलगा बोटीवर आहे. मेहनतीने गेलाय.

बांद्यावरून
म्हणजे तिकडे तो भायला.

साष्टीकार
तोंड सांभाळून बोल! २०२० मध्ये त्याची बोट समुद्रातच होती, कुठलं बंदर उतरू देईना. आम्ही घरी काय भोगलं तुला काय माहीत? त्याची आई रोज मोबाईलवर नकाशात बोट कुठे आहे ते बघायची. तू कोण रे मला शिकवणारा?

बांद्यावरून
तेच तर सांगतोय. माझी आई पण नकाशाच बघत होती. पत्रादेवीपर्यंतचा.

कुटबणचा वारा
इंग्लंडात स्विंडनला गोदामांत राबणारे आपलेच, कोविडात ते पण अत्यावश्यक. इथे कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरांवरचे खलाशी ओडिशा-झारखंडचे, बंदीत तिथेच अडकले, तेव्हा त्यांना लांबूनच बघत होतो आपण. आणि १ जून २०२० पासून वास्कोच्या मांगोर हिलला रुग्ण निघायला लागले तेव्हा वास्कोचा माणूस दिसला तरी लोक रस्ता बदलायचे, तो तर गोंयकारच होता ना. बाकी सूर घातलेली पोई मी खाल्लीय, साष्टीकार खरं बोलतात.

लाईनमनची लेक
विषय पोईवर नेऊ नका. आत्ताच बाबांना फोन करून विचारलं, गप्प बसवायला काहीतरी मिळेल म्हणून. तर म्हणाले, अगो खांब ओढायला कंत्राटी पोरं होती, काही बेळगावकडची, दोघं झारखंडचे, त्यांच्याकडे हातमोजेसुद्धा नव्हते, मी माझा जुना जोड दिला एकाला. झालं समाधान? पण वर चढले बाबाच. ते पण लिहा.

फोंड्याचा बाबू
लिहिलं. वर चढले तुमचे बाबा, यात मला कधीच शंका नव्हती. पण बघा, कायम नोकरी आणि पेन्शन होतं तिथे आपण टिकून होतो, रोजंदारी होती तिथे ते. आणि फॉरवर्डमध्ये पहिलं अर्धंच येतं.

लाईनमनची लेक
पेन्शन म्हणजे गुन्हा आहे का? कायम नोकरी होती म्हणून कोरोना घाबरला का बाबांना? तुम्हाला प्रत्येक वाक्यात टोमणा मारायचाच असतो.

फोंड्याचा बाबू
बरं, टोमणा मागे. हातमोज्यांची गोष्ट मात्र ग्रुपवर टाकणार आहे, चतुर्थीचं काय व्हायचं ते होऊ दे.

साष्टीकार
एवढा पुळका आहे भायल्यांचा तर सगळं घर लिहून द्या त्यांना. बाकी माझा मुद्दा पावाचा होता, तो अजून कुणी खोडलेला नाही.

बांद्यावरून
पोदेराचं नाव काय हो तुमच्या?

साष्टीकार
पोदेर. बारा वर्षं येतोय, पोदेरच म्हणतो. सगळेच म्हणतात. बाबूसाहेब तुमच्या भाजीवालीला काय नावाने हाक मारतात मोठे?

फोंड्याचा बाबू
मावशी. कित्तूरची आहे, आत्ता जाऊन विचारून आलो. नाव सांगितलं नाही, म्हणाली कशाला पाहिजे.