बोबडं, तोतरं आणि जीभ जड होणं

प्रश्न: माझा पाच वर्षांचा भाचा काकूला 'तातू' म्हणतो आणि कागदाला 'तादद'. शाळेतून 'मूल तोतरे बोलते' असा शेरा आलाय. घरी सगळे 'बोबडा' म्हणतात. दोन्ही एकच का?

उत्तर: अजिबात नाही, आणि शेरा दुरुस्त करून घ्या. तोतरेपणात अक्षर बरोबर येतं, ओघ अडतो. 'प-प-पाणी' होतं, नाहीतर 'प'साठी मिटलेले ओठ उघडतच नाहीत. बोबडं बोलणारा न अडखळता बोलतो, फक्त एका ध्वनीच्या जागी दुसरा येतो. घोटाळ्याला हिंदीही कारण असावी. हिंदीतलं 'तुतलाना' म्हणजे आपलं बोबडं बोलणं. आपल्या तोतरं बोलण्याला ते 'हकलाना' म्हणतात.

तुमच्या भाच्याचं बोलणं नीट ऐका. 'क'ला जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकायला हवा, त्याच्या जिभेचं टोक पुढे दातांमागे टेकतं. म्हणून 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द'. पोरगं चुकतंय तेही नियमाने! 'र' उशिरा आला तर चालतं, पण क-ग बहुतेक मुलांना चार वर्षांपर्यंत जमतात. तेव्हा आधी कान तपासून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि कौतुकानेसुद्धा त्याची नक्कल करू नका. फक्त एकदा, त्याला काय ऐकू येतं ते कळावं म्हणून, तुम्हीच 'तातू' म्हणून बघा.

दुसरं उत्तर: मी स्वतः तोतरा. 'सावकाश बोल, श्वास घे' हे लोक मायेनेच सांगतात, पण त्याने घसा जास्तच आवळतो. माझा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा, एवढंच हवं असतं.

तिसरं उत्तर: मोठ्यांचं राहिलं. भीतीने बोबडी वळते, ती भीती सरली की जाते. पण बोलणं एकाएकी जड झालं, तोंड एका बाजूला ओढलं, हात उचलेना, तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझ्या वडिलांची जीभ जड झाली तेव्हा आम्ही 'झोप झाली की बरं वाटेल' म्हणत बसलो. पुढे त्यांना 'वाचाघात' झाल्याचं कळलं. तो शब्दही तेव्हाच कळला. त्यात उच्चारापलीकडे शब्दच हरवतो. घड्याळाकडे बोट दाखवून ते 'ते... वेळेचं...' म्हणायचे आणि डोळे भरून यायचे.

प्रश्नकर्ती: काल 'तातू आली बघ' म्हटलं. भाचा भडकला. "तातू नाही दं, *तातू!*" म्हणजे कानाला फरक कळतोय. तज्ज्ञांची वेळ घेतली, कानाची तपासणी त्याआधी आहे. शाळेला चिठ्ठीही लिहिली.